बंगळुरूच्या वेशीबाहेरची बेवारस जनावरे

बंगळुरू शहर गेल्या दोन-तीन दशकांत चहूबाजूंनी पसरत गेले, तसतशी नाचणीची शेते, नीलगिरीची बने आणि द्राक्षमळे यांच्या जागी निवासी भूखंड, बंगल्यांच्या बंदिस्त वसाहती आणि शेतघरे उभी राहिली. कनकपुरा रस्ता, सर्जापूर, आनेकल, देवनहळ्ळी, हेसरघट्टा, नेलमंगला या परिसरांत नोकरीनिमित्त आलेली किंवा निवृत्तीनंतर स्थिरावलेली मराठी कुटुंबेही आता राहतात. शांतता आणि मोकळी हवा यांच्याबरोबर त्यांच्या वाट्याला असा एक अनुभव येतो, ज्याची सवय पुण्या-मुंबईच्या सदनिकेत झालेली नसते. गळ्यावर पट्ट्याचा वण असलेले कुत्रे फाटकाशी येऊन बसते, एखादे वासरू पावसात रस्त्याच्या कडेला पडून राहते, खोक्यात घातलेली मांजराची पिले कोणीतरी कुंपणाशी ठेवून जाते. अशा वेळी दया येणे स्वाभाविक असले, तरी दयेच्या पहिल्या भरात केलेली मदत बहुधा अर्धवट राहते आणि काही वेळा घातक ठरते. म्हणून जनावर कोणाचे, ते तेथे कसे आले आणि त्याची जबाबदारी कायद्याने कोणावर आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे अन्नाची ताटली पुढे करण्याआधी शोधणे श्रेयस्कर असते.

ग्रामीण भागात मोकळे फिरणारे प्रत्येक जनावर बेवारस नसते. खेड्यातील पुष्कळ कुत्री एखाद्या घराची, मळ्याची किंवा मेंढपाळाच्या कळपाची असतात. दिवसभर ती मोकळी हिंडतात आणि रात्री राखणीला परततात. अशा कुत्र्याला ‘सोडवून’ शहरातील निवाऱ्यात पोहोचवणे म्हणजे शेतकऱ्याचा राखणदार पळवणेच होय. दुसरा वर्ग कोणा एकाच्या मालकीच्या नसलेल्या, परंतु एका वस्तीत जन्मून तेथेच वाढलेल्या भटक्या कुत्र्यांचा असून, नव्या नियमांत त्यांना ‘सामुदायिक प्राणी’ म्हटले आहे. तिसरा वर्ग टाकून दिलेल्या, म्हणजे काल-परवापर्यंत घरात राहिलेल्या आणि आता एकाएकी उघड्यावर पडलेल्या प्राण्यांचा आहे. हे प्राणी एकाच जागी घुटमळतात, जाणाऱ्या प्रत्येक गाडीमागे धावतात, इतर कुत्र्यांना बिचकतात आणि उकिरड्यातून अन्न शोधण्याचे कसब त्यांच्याजवळ नसते. कानाची कड कापलेली दिसली, तर त्या कुत्र्याचे निर्बीजीकरण झालेले असून ते तेथलेच आहे, असे समजण्यास हरकत नाही. निर्बीजीकरण म्हणजे प्रजोत्पादन थांबवणारी शस्त्रक्रिया. या सगळ्याची चौकशी करण्याची उत्तम जागा म्हणजे गावातील सहकारी दूध संघाचे संकलन केंद्र. सकाळ-संध्याकाळ दूध घालायला येणाऱ्यांना पंचक्रोशीतील प्रत्येक गाय आणि बहुतेक कुत्री ओळखीची असतात, आणि समाजमाध्यमांवर छायाचित्र टाकून मिळणार नाही ती माहिती तेथे पाच मिनिटांत मिळते.

शहराच्या कडेलाच प्राणी टाकण्याचे प्रमाण अधिक का, याची कारणे सरळ आहेत. तलावांचे काठ, बंद पडलेल्या दगडखाणी आणि रिकामे भूखंड येथे रात्री कोणी पाहत नाही, आणि टाकणाऱ्याला ‘गावाकडे त्याचे पोट भरेल’ अशी स्वतःची समजूतही घालता येते. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्यामुळे येथील हवा सौम्य असते, आणि त्या भरवशावर बर्फाळ प्रदेशातील दाट केसांची हस्की किंवा सेंट बर्नार्ड यांसारखी कुत्री हौसेने घेतली जातात. पुढे परदेशी बदली, घरमालकाची कुरकुर, मूल होणे किंवा औषधोपचारांचा खर्च यांपैकी एखादे निमित्त पुरते. पिलांची पैदास करून विकणारे लोक वय झालेल्या माद्यांना वाऱ्यावर सोडतात, ही त्याहून लाजिरवाणी बाब. व्यापारी पैदाशीसाठी कुत्री आयात करण्यावर केंद्र सरकारने २०१६ मध्ये बंदी घातली आणि पैदास व विक्री यांचे नियम २०१७ मध्ये केले, तरी बिनपरवाना धंदा थांबलेला नाही. ‘आमच्या वसाहतीत परवानगी नाही’ ही सबबही टिकणारी नाही, कारण निवासी संघटनांना पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, हे भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे.

प्राण्याला उपासमार किंवा तहान सोसावी लागेल अशा स्थितीत सोडून देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार गुन्हा आहे. मात्र पहिल्या गुन्ह्याला त्यात १० ते ५० रुपये इतकाच दंड सांगितला आहे. आजच्या बंगळुरूत मसाला डोसा याहून महाग पडतो, तेव्हा या तरतुदीची जरब कोणाला वाटावी, हा प्रश्न उरतोच. तरीही वाहनाचा क्रमांक किंवा कॅमेऱ्यातील चित्रण हाती असेल, तर पोलिसांत तक्रार नोंदवावी, कारण त्याच व्यक्तीने तीन वर्षांच्या आत पुन्हा तसे केल्यास शिक्षा तुरुंगवासापर्यंत जाऊ शकते. जनावराला ठार मारणे, विष घालणे किंवा कायमचे जायबंदी करणे हा मात्र गंभीर गुन्हा असून, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार त्याला पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. मोकाट कुत्र्यांसाठी मांसात कीटकनाशक कालवून ठेवण्याचा अघोरी प्रकार कोठे आढळला, तर तो केवळ कुत्र्यांपुरता राहत नाही, हे शेजाऱ्यांच्या लक्षात आणून द्यावे. तेच मांस मांजरे खातात आणि मेलेल्या जनावरावर घारीही उतरतात.

टाकून दिलेले कुत्रे आढळल्यास त्याच्यावर झडप घालून त्याला पकडण्याचा प्रयत्न करू नये. घाबरलेले कुत्रे चावते किंवा रस्त्यावर धावत सुटते. पाणी ठेवून थोड्या अंतरावर, त्याच्याकडे पाठ किंवा कूस करून, नजर न रोखता बसल्यास ते बहुधा स्वतःहून जवळ येते, मात्र त्यासाठी कधी एखादा तास तर कधी दोन-तीन दिवस द्यावे लागतात. ते हाती लागल्यावर पशुवैद्याकडे नेऊन त्याच्या खांद्यांमधील त्वचेखाली मायक्रोचिप आहे का, हे तपासून घ्यावे. तांदळाच्या दाण्याएवढ्या या उपकरणात नोंदणी क्रमांक साठवलेला असतो आणि विशिष्ट यंत्राने तो वाचता येतो. कुत्रे हरवलेले असण्याची शक्यताही विसरू नये. दिवाळीच्या फटाक्यांनी बिथरून कित्येक कोस पळालेली कुत्री दरवर्षी आढळतात, आणि त्यांचे धनी त्यांना वेड्यासारखे शोधत असतात. आधीपासून घरात कुत्रे असल्यास नव्या पाहुण्याला किमान दोन आठवडे वेगळ्या जागी ठेवावे, त्याची भांडी वेगळी ठेवावीत, कारण पार्व्हो आणि डिस्टेंपर हे विषाणूजन्य आजार बाहेरून लक्षणे दिसण्यापूर्वीच पसरू लागतात. खरजेच्या कुत्र्याला हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. तिचे किडे माणसाच्या अंगावर फार काळ टिकत नसले, तरी खाज पुरेशी त्रास देते. गोचीड, जखमेत पडलेल्या अळ्या आणि जननेंद्रियांवर दिसणारी संसर्गजन्य गाठ हे सर्व किळसवाणे दिसले तरी बरे होणारे आहे. त्यांपैकी त्या गाठीवर आठवड्यातून एकदा दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांचा उपचार बहुतेक वेळा पूर्ण गुण देतो. मनाने औषध देणे मात्र टाळावे, कारण खरजेवर सर्रास वापरले जाणारे आयव्हरमेक्टिन कोली जातीच्या कुत्र्यांना मारक ठरू शकते आणि माणसांचे पॅरासिटामॉल मांजरांना विषासारखे असते.

यानंतर बहुतेकांना आठवतो तो निवारा. बंगळुरूला या क्षेत्रात कामाची जुनी परंपरा आहे. क्रिस्टल रॉजर्स यांनी १९९१ मध्ये स्थापन केलेली ‘क्यूपा’ ही संस्था, उत्तरेकडे यलहंकाच्या पुढे असलेले ‘चार्लीज अ‍ॅनिमल रेस्क्यू सेंटर’ आणि केंगेरीतील ‘पीपल फॉर अ‍ॅनिमल्स’ ही नावे रहिवाशाला ठाऊक असावीत. यांतील शेवटची संस्था मुख्यतः शहरी वन्यजीवांवर उपचार करते, म्हणून तेथे पाळीव कुत्रे नेऊन उपयोग नाही. हेब्बाळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अवघड शस्त्रक्रियांची सोय आहे. परंतु निवारे म्हणजे नकोशी जनावरे साठवण्याची गोदामे नव्हेत. ते जवळजवळ सदैव भरलेले असतात आणि दाटीमुळे तेथे पोहोचलेल्या निरोगी पिलालाही संसर्ग होतो. त्यामुळे आधी दूरध्वनी करून जागा, प्राण्याचा प्रकार आणि आपण किती खर्च उचलू शकतो हे सांगावे, आणि दारात प्राणी बांधून निघून जाण्याचा प्रकार कदापि करू नये. टाकून दिलेल्या प्राण्याला दुसऱ्यांदा टाकणे एवढाच त्याचा अर्थ होतो. शेतघरात जागा असलेल्या कुटुंबाने चार-सहा आठवडे तात्पुरता सांभाळ करावा, संस्थेने दत्तक घेणारे घर शोधावे, ही विभागणी अनुभवाने सर्वांत उपयुक्त ठरलेली आहे. दत्तक देताना निर्बीजीकरण आणि लसीकरण पूर्ण करूनच द्यावे. फुकट, घाईने आणि अनोळखी माणसाला दिलेली जातिवंत मादी पुन्हा पैदाशीच्या धंद्यात जाऊ शकते.

भटक्या कुत्र्यांचा प्रश्न याहून वेगळा आहे आणि तो कनवाळूपणाने किंवा संतापाने सुटत नाही. २००७ च्या आरंभी बंगळुरूत कुत्र्यांच्या हल्ल्यांत दोन बालके दगावली, तेव्हा शहरात कुत्री मारण्याची लाट उसळली होती. तेव्हा झालेल्या चर्चेत मांसविक्रेत्यांनी उघड्यावर फेकलेला कचरा हे कारणही पुढे आले, परंतु त्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही. कुत्री उचलून दूर सोडण्याचा मार्गही फसवा असतो. रिकाम्या झालेल्या जागी अन्न तेवढेच शिल्लक राहिल्यामुळे शेजारच्या वस्तीतील, लस न टोचलेली कुत्री येऊन स्थिरावतात, आणि उचललेली कुत्री अनोळखी टोळीच्या हद्दीत मरतात किंवा अधिक आक्रमक होतात. म्हणूनच २००१ च्या आणि त्यांची जागा घेणाऱ्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी पकडणे, निर्बीजीकरण, लसीकरण आणि त्याच जागी परत सोडणे हा क्रम ठरवून दिला आहे. बृहत् बंगळुरू महानगरपालिकेच्या पाहणीत २०१९ मध्ये शहरात सुमारे ३ लाख १० हजार भटकी कुत्री आढळली होती, तर २०२३ च्या पाहणीत ती संख्या सुमारे २ लाख ७९ हजारांवर आली आणि निर्बीजीकरण झालेल्यांचे प्रमाण ७० टक्क्यांच्या वर गेले. ही घट डोळ्यांत भरणारी नाही, पण दिशा तिने दाखवली आहे.

अडचण शहराच्या हद्दीवर सुरू होते. महानगरपालिकेची जागा सप्टेंबर २०२५ पासून बृहत् बंगळुरू प्राधिकरणाखालील पाच महानगरपालिकांनी घेतली असली, तरी लेखाच्या आरंभी उल्लेखिलेल्या वसाहतींपैकी अनेक आजही ग्रामपंचायतींच्या किंवा आनेकल, नेलमंगला यांसारख्या नगर संस्थांच्या हद्दीत आहेत. शहराची कुत्री पकडणारी गाडी तेथे येत नाही आणि तक्रारदार महिनोन्‌महिने चुकीच्या कार्यालयाशी भांडत राहतो. आपले घर कोणत्या स्थानिक संस्थेत मोडते, हे मालमत्ता कराच्या पावतीवरून निश्चित करावे आणि अर्ज तेथेच द्यावा, कारण जन्म नियंत्रणाची जबाबदारी नियमांनी स्थानिक संस्थेवर टाकली असून ग्रामपंचायत तीतून सुटलेली नाही. पंचायतीकडे पैसा आणि शल्यविशारद दोन्ही नसतात, हेही तितकेच खरे. म्हणून वसाहतीने वर्गणी काढून मान्यताप्राप्त संस्थेमार्फत परिसरातील माद्यांची शस्त्रक्रिया करून घेण्याचा प्रस्ताव घेऊन जाणे अधिक फलदायी ठरते. कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो आणि ती वर्षातून दोनदा विऊ शकते, एवढे लक्षात घेतले तरी एका मादीच्या शस्त्रक्रियेतील दिरंगाई काय करू शकते हे कळते.

येथे अन्न घालणाऱ्यांना स्पष्टपणे सांगावे लागेल. केवळ रोज अन्न घालायचे आणि निर्बीजीकरणाची व लसीकरणाची सोय पाहायची नाही, हे भूतदयेचे अर्धेच काम होय, आणि त्या अर्ध्या कामाचा भार पुढे पिलांवर आणि शेजाऱ्यांवर पडतो. २०२३ च्या नियमांनी अन्न घालण्यास मान्यता दिली असली, तरी मुलांच्या खेळाच्या जागा, जिने आणि प्रवेशद्वारे यांपासून दूर, ठरलेल्या ठिकाणी व ठरलेल्या वेळी ते घालावे आणि जागा स्वच्छ ठेवावी, अशी त्यांची अट आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात निर्बीजीकरण व लसीकरण केलेली कुत्री, रेबीजग्रस्त आणि आक्रमक वगळता, मूळ जागी सोडण्यास मुभा देऊन अन्नासाठी स्वतंत्र जागा राखण्यास सांगितले. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात मात्र शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारातील कुत्री हलवून ती तेथे परत न सोडण्याचे निर्देश दिले. आदेश असे बदलत आलेले असल्यामुळे वाद घालण्यापूर्वी ताजी स्थिती पाहून घ्यावी. एरवी खेड्यातील माणूस कुत्र्याचा वैरी असतो असे मानण्याचे कारण नाही. मराठी घरातील खंडोबा कर्नाटकात मैलारलिंग होतो आणि त्याचे कुत्रे दोन्हीकडे मानाचे असते. गावकऱ्याचा राग असतो तो कोंबड्या आणि कोकरे मारणाऱ्या टोळीवर, आणि ती टोळी अनेकदा नव्या वसाहतीच्या कचऱ्यावर पोसलेली असते.

या सर्वांत ज्याची हयगय एकदाही परवडत नाही तो विषय म्हणजे रेबीज. या विषाणूजन्य रोगाची लक्षणे माणसात उमटल्यावर मृत्यू जवळजवळ अटळ असतो, आणि लक्षणांपूर्वी योग्य उपचार झाल्यास तो जवळजवळ पूर्णतः टाळता येतो. चावा, ओरखडा किंवा जखमेवर लाळ लागल्यास ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी, त्यावर पोव्हिडोन आयोडीन लावावे आणि हळद, तिखट, चुना, तेल यांपैकी काहीही लावू नये. जखम लगेच टाके घालून बंदही करू नये. त्वचेतून दिली जाणारी लस पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, तर स्नायूतून दिली जाणारी लस तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा घ्यावी लागते. त्वचा फाटून रक्त आलेल्या जखमेत लसीबरोबर रेबीज इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडे असलेले औषध, जखमेत व तिच्याभोवती टोचणे आवश्यक असते, कारण लसीमुळे शरीराची स्वतःची प्रतिपिंडे तयार होण्यास काही दिवस लागतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात लस मिळते, परंतु हे दुसरे औषध प्रत्येक ठिकाणी असेलच असे नाही. म्हणून निघण्यापूर्वी दूरध्वनीवर विचारून घ्यावे. बंगळुरूत व्ही. व्ही. पुरम येथील केंपेगौडा वैद्यकीय संस्थेचे श्वानदंश चिकित्सालय या कामासाठी परिचित आहे. चावणारे कुत्रे किंवा मांजर दहा दिवस नजरेखाली ठेवावे हे योग्य, पण लस त्या दहा दिवसांसाठी अडवून ठेवू नये. गावाकडे राहणाऱ्या आणि प्राणी हाताळणाऱ्या कुटुंबांनी चाव्यापूर्वीची प्रतिबंधक लस घेऊन ठेवणे शहाणपणाचे आहे, कारण पुढे चावा झाल्यास त्यांना पहिल्या आणि तिसऱ्या दिवशीच्या दोन मात्रा पुरतात आणि इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही.

एक धोका शहरातून आलेल्यांना माहीत नसतो. पिसाळलेले कुत्रे चावलेली गाय काही आठवड्यांनी लाळ गाळू लागते, तिला गिळता येत नाही, आणि घशात काही अडकले असावे असे समजून मालक किंवा मदतीला धावलेला शेजारी तिच्या तोंडात हात घालतो. लाळेतूनच विषाणू पसरत असल्यामुळे अशा वेळी हात न घालता पशुवैद्याला बोलवावे, आणि आधीच हात घातला गेला असल्यास लसीचा विचार चाव्याइतक्याच तातडीने व्हावा. रस्त्यात कुत्र्यांची टोळी अंगावर आल्यास धावू नये. हात अंगाशी धरून स्थिर उभे राहावे आणि तोंड तिच्याकडेच ठेवून सावकाश मागे सरावे. दुचाकीमागे कुत्री लागली तर वेग वाढवण्याऐवजी कमी केल्यास पाठलाग बहुधा थांबतो.

मोकाट गुरांचा प्रश्न कुत्र्यांच्या मानाने कमी बोलला जातो, पण बंगळुरू ग्रामीण, रामनगर आणि कोलार या दुग्धव्यवसायाच्या पट्ट्यात तो अधिक अवघड आहे. संकरित होल्स्टीन गाईला झालेला गोऱ्हा शेतकऱ्याच्या कोणत्याच कामाचा नसतो. त्याला वशिंड नसल्याने जू नीट बसत नाही, नांगरट ट्रॅक्टरने होते, आणि गाई कृत्रिम रेतनाने गाभण राहत असल्याने वळूचीही गरज उरलेली नाही. पूर्वी असे गोऱ्हे आणि भाकड गाई व्यापारी विकत घेत. कर्नाटकाचा २०२० चा गोवंश हत्या प्रतिबंधक कायदा २०२१ मध्ये लागू झाल्यावर गाय, बैल व वासरे यांची कत्तल कोणत्याही वयात निषिद्ध ठरली, केवळ १३ वर्षांवरील म्हशींना त्यातून वगळले गेले, आणि ती बाजारपेठ आटली. महाराष्ट्रानेही २०१५ च्या अशाच कायद्यानंतर हा अनुभव घेतला आहे. कायद्याच्या हेतूविषयी कोणाचे मत काहीही असो, न खपणाऱ्या जनावराचा चारा कोणी द्यायचा हा प्रश्न त्याने शेतकऱ्याच्या दावणीलाच बांधला. कर्नाटक सरकारने २०२२ मध्ये ‘पुण्यकोटी’ योजना आणून गोशाळेतील एका गाईसाठी वर्षाला ११,००० रुपये देण्याचे आवाहन नागरिकांना केले, पण एका गाईच्या वर्षभराच्या खाद्याला ही रक्कम अपुरी पडते, हे कोणीही दूध उत्पादक सांगेल. मुळावरचा उपाय म्हणजे लिंगनिश्चित रेतमात्रा. तिच्यामुळे जन्मणाऱ्या वासरांत सुमारे ९० टक्के कालवडी असतात, आणि शेजारच्या शेतकऱ्याला तिचा वाढीव खर्च देऊ करणे हे गोदानापेक्षा कमी पुण्याचे नसावे.

रस्त्यावर मोकाट जनावर दिसल्यास प्रथम त्याचा कान पाहावा. पिवळ्या टॅगवरील बारा अंकी क्रमांकावरून सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच्या मालकाचा शोध लागू शकतो. टॅग ओरबाडल्याने कान फाटलेला असेल, तर जनावर बहुधा हेतुपुरस्सर सोडलेले आहे. पुष्कळ गाई मात्र दूध काढून चरायला सोडलेल्या, मालकाच्याच असतात. जखमी किंवा बसून राहिलेल्या गुरासाठी १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुचिकित्सा पथकाला बोलवता येते, आणि राष्ट्रीय महामार्गावर जनावर आडवे पडले असल्यास १०३३ वर कळवावे. पथक येईपर्यंत जनावराला कुशीवर पडू न देता छातीवर टेकवून बसते ठेवावे, दोन्ही बाजूंना गवताचे भारे किंवा वाळूची पोती लावावीत, काही तासांनी बाजू बदलावी, दोर बांधून फरफटवू नये, आणि बाटलीने पाणी किंवा औषध घशात ओतू नये, कारण ते फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. स्वतःच्या टेंपोत घालून गोशाळेत नेण्याची घाई तर मुळीच करू नये. गुरांच्या वाहतुकीला कागदपत्रे लागतात आणि सद्हेतू कपाळावर लिहिलेला नसतो. पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचे पत्र आणि पोलिसांना सूचना हे दोन्ही आधी मिळवावे.

गोग्रासाच्या परंपरेतून आलेल्यांना येथे एक सावधगिरीची सूचना द्यावी लागते. लग्नकार्यातील उरलेला भात, पोळ्या, गोडधोड एकदम गाईपुढे ठेवल्यास रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात त्या पिठूळ अन्नाचे वेगाने आम्ल बनते, पोटातील जिवाणूंचा समतोल बिघडतो आणि एक-दोन दिवसांत जनावर दगावू शकते. घासभर पोळी चालते, पातेलेभर भात चालत नाही; हिरवा चारा आणि पाणी केव्हाही उत्तम. ओला कचरा प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून टाकणेही तितकेच वाईट, कारण गाय पिशवी सोडत नाही, गिळते.

मांजरांविषयी थोडक्यात सांगता येईल. आडोशाला दिसलेली पिले सोडून दिलेलीच असतात असे नाही. मांजरी काही तास शिकारीला जाते, म्हणून पिले स्वच्छ, उबदार आणि शांत असल्यास दुरून वाट पाहावी. पिलाला, मग ते मांजराचे असो वा कुत्र्याचे, गाईचे दूध पाजू नये, त्याने जुलाब होतात. पशुवैद्याकडे मिळणारी पर्यायी दूधपावडर आणि पिलाला ऊब यांची गरज अधिक. वन्यजीवांच्या बाबतीत नियम उलटा आहे: मुंगूस, घोरपड, लाजवंती (लोरिस) किंवा घारीचे पिलू घरी ठेवणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चा भंग ठरू शकतो, म्हणून ते खोक्यात, अंधारात, अन्न न देता ठेवून जाणकार संस्थेला किंवा वन विभागाला कळवावे. आषाढाच्या वाऱ्यात पतंगांच्या मांजाने जायबंदी झालेल्या घारी बंगळुरूत बऱ्याच सापडतात. लाल कानाची विदेशी कासवे मोठी झाल्यावर तळ्यात ‘मुक्त’ करणे हेही टाकून देणेच असून, त्यात स्थानिक जलचरांची हानी अधिक आहे.

बन्नेरघट्टा राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला राहणाऱ्यांसाठी या सगळ्याला आणखी एक बाजू आहे. उघडा कचरा कुत्री पोसतो आणि सहज मिळणारी कुत्री बिबट्याला वस्तीकडे ओढतात, हे जुन्नर परिसरातील वाचकाला नव्याने सांगायला नको. कूडलू गेटजवळच्या दाट वस्तीत शिरलेल्या बिबट्याचा १ नोव्हेंबर २०२३ रोजी पकडण्याच्या मोहिमेत मृत्यू झाला. तेव्हा पाळीव कुत्रे रात्री अंगणात साखळीला बांधून ठेवू नये, त्याला आत घ्यावे, आणि कचऱ्याचा डबा झाकलेला असावा.

कर्नाटकात ग्रामसभा वर्षातून किमान दोनदा भरते, आणि नव्या वसाहतींतील रहिवासी कर भरूनही तिला क्वचितच हजर राहतात. कुत्र्यांचे निर्बीजीकरण, वार्षिक लसीकरण शिबिर, मांसविक्रेत्यांच्या कचऱ्याची विल्हेवाट आणि मोकाट गुरांसाठी कोंडवाड्याची दुरुस्ती हे विषय तेथे मांडता येतात व त्यांसाठी तरतूद मागता येते. पुढच्या ग्रामसभेची तारीख पंचायत कार्यालयात विचारून घ्यावी, आणि कन्नड येत नसल्यास दूध संकलन केंद्रावरच्या एखाद्या शेजाऱ्याला सोबत घेऊन जावे.